काटा खोटा की इंजिन आजारी?

सातारा-सांगली पट्ट्यात विमान उतरू शकेल अशी धावपट्टी म्हटली की कराडचेच नाव पुढे येते. पन्नासच्या दशकात, कोयना प्रकल्पाच्या उभारणीच्या काळात बांधलेली ही धावपट्टी सुमारे १२८० मीटर लांबीची आहे. सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी केव्हाच वापरातून गेली. तेथे विमानतळ व्हावा ही सांगलीकरांची मागणीही आता जुनी झाली आहे. त्यामुळे या भागात येणारे उद्योगपती आणि राजकीय नेते हेलिकॉप्टरने थेट उतरतात, छोट्या विमानाने कराड गाठतात किंवा खासगी जेटने कोल्हापूर अथवा पुण्याला उतरून पुढचा रस्ता मोटारीने कापतात. गळीत हंगामाचा शुभारंभ असो वा प्रचाराची शेवटची सभा, कार्यक्रमपत्रिकेतील वेळ त्या विमानाच्या वेळेवर बेतलेली असते.

अशा विमानाच्या परतीच्या उड्डाणापूर्वी चालकक्षात इंजिनाचा एक पिवळा दिवा लागतो. पडद्यावर संदेश उमटतो की, डाव्या इंजिनाच्या नियंत्रणात दोष आहे. इंजिन मात्र ऐकायला ठणठणीत असते. धूर नाही, थरथर नाही, तेलाचा थेंब नाही. प्रवासी घड्याळाकडे पाहत असतात. अशा वेळी वैमानिकापुढे आणि दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या अभियंत्यापुढे एकच प्रश्न असतो. काटा खोटा बोलतो आहे की इंजिन खरोखर आजारी आहे?

या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंनी चुकू शकते. खोट्या काट्यावर विश्वास ठेवून धडधाकट इंजिन बंद केले तर संकट, आणि खरे सांगणाऱ्या काट्याला खोटे ठरवले तर त्याहून मोठे संकट. विमान वाहतुकीच्या इतिहासात दोन्हींचे दाखले आहेत. इंजिनाच्या सेन्सरची दुरुस्ती हे वरवर पाहता वायरी आणि मल्टिमीटरचे काम असले, तरी त्याचे खरे स्वरूप साक्षीदाराची उलटतपासणी असे आहे.

जेट इंजिनाच्या अंगावर किती सेन्सर असतात हे इंजिनाच्या जातीवर अवलंबून आहे. परंतु वैमानिकाला दिसणारी मुख्य मापे सगळीकडे सारखीच असतात. पुढच्या पंख्याचा वेग म्हणजे एन-वन, गाभ्याच्या शाफ्टचा वेग म्हणजे एन-टू. हे दोन्ही टक्क्यांत दाखवले जातात. त्याखाली टर्बाइनमधील वायूचे तापमान, दर तासाला जाणारे इंधन, तेलाचा दाब, तेलाचे तापमान आणि काही विमानांत कंपन. यांखेरीज इंजिनाच्या तोंडाशी हवेचे तापमान व दाब मोजणारे आणि कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब मोजणारे सेन्सर असतात. ते वैमानिकाला सहसा दिसत नाहीत, पण इंजिनाच्या संगणकाला त्यांच्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही.

वेग मोजण्याची रीत साधी आहे. दातेरी चक्राशेजारी चुंबक आणि तारेचे वेटोळे बसवलेले असते. चक्राचा प्रत्येक दात समोरून गेला की वेटोळ्यात विजेचा एक स्पंद उमटतो आणि सेकंदाला किती स्पंद आले त्यावरून वेग ठरतो. तापमानाचे काम याहून नाजूक आहे. ज्वलनकक्षातून बाहेर पडणारा वायू जेथे सर्वांत तप्त असतो तेथे सेन्सर टिकत नाही. म्हणून टर्बाइनच्या दोन टप्प्यांमध्ये किंवा त्याही मागे मापन करून पुढच्या तापमानाचा अंदाज बांधला जातो. तेथे वापरला जाणारा थर्मोकपल म्हणजे क्रोमेल आणि ॲल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारांचा सांधा. सांधा तापला की तारांच्या टोकांशी अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो. तो एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट, आणि ७०० अंश सेल्सिअसला सुमारे २९ मिलिव्होल्ट म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातील सेलच्या जेमतेम पन्नासाव्या हिश्शाइतका असतो. एवढ्याशा कुजबुजीवर कोट्यवधी रुपयांच्या इंजिनाचे आरोग्य ठरते.

सातारा-सांगलीच्या वाचकाला ही उपकरणे अगदीच परकी नाहीत. याच जातीचे थर्मोकपल कारखान्यांतील भट्ट्यांत आणि बॉयलरच्या धुराच्या मार्गात बसवलेले असतात. साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीतील वाफेच्या टर्बाइनला वेग, कंपन आणि बेअरिंगचे तापमान मोजणारे सेन्सर असतात. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीपासून साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पंप आणि इंजिने बनवणाऱ्या या पट्ट्यात 'इन्स्ट्रुमेंट'वाला कारागीर हा परिचयाचा माणूस आहे. टर्बाइन अचानक 'ट्रिप' झाले की प्रथम सेन्सर तपासावा की बेअरिंग, हा वाद गळिताच्या ऐन हंगामात रात्री-अपरात्री रंगतो. फरक इतकाच की, कारखान्याचे टर्बाइन थांबवून तपासता येते.

संगणकाच्या हाती सूत्रे

जुन्या विमानांत सेन्सर केवळ बातमी देत असे. वैमानिकाने थ्रॉटल पुढे ढकलला की दांड्या आणि तारांमार्फत इंधन नियंत्रकाला हुकूम जाई आणि काटे त्याचा परिणाम दाखवत. काटा चुकला तर वैमानिकाची दिशाभूल होई, इंजिनाची नाही. आजच्या बहुतेक खासगी जेटमध्ये 'फेडेक' म्हणजे इंजिनाचा संपूर्ण कारभार पाहणारा संगणक असतो. किती इंधन सोडायचे हे तोच ठरवतो, आणि ते ठरवतो सेन्सरच्या सांगण्यावरून. येथे सेन्सर चुकला तर दिशाभूल थेट इंजिनाचीच होते.

हा धोका ओळखूनच फेडेकला दोन स्वतंत्र वाहिन्या दिलेल्या असतात. एकीला 'अ' म्हणावे, दुसरीला 'ब'. महत्त्वाच्या सेन्सरचीही दुहेरी जोडणी असते. दोन्ही वाहिन्या एकमेकींचे आकडे पडताळतात. एकीचा आकडा अशक्य वाटला तर दुसरीचा धरला जातो आणि वैमानिकाला पिवळा दिवा दाखवला जातो. इंजिन चालू असताना संगणकाला लागणारी वीजही इंजिनावरच्या छोट्या स्वतंत्र जनित्रातून मिळते, म्हणजे विमानाची बॅटरी गेली तरी फेडेक जागा राहावा. एवढ्या बंदोबस्तानंतरही फट राहू शकते, हे एका छोट्या खासगी जेटने दाखवून दिले.

५ जून २००८ रोजी इक्लिप्स ५०० जातीचे विमान अमेरिकेतील शिकागोच्या मिडवे विमानतळावर उतरत होते. विमानात दोन वैमानिक आणि दोन प्रवासी होते. धावपट्टीच्या तोंडाशी वाऱ्याने दगा दिला, वेग घटला, विमान झपाट्याने खाली येऊ लागले. वैमानिकाने कोणीही केले असते तेच केले. दोन्ही थ्रॉटल पूर्ण पुढे रेटले. चाके टेकल्यावर थ्रॉटल मागे ओढले, पण विमान थांबण्याऐवजी वेग घेऊ लागले. दोन्ही इंजिने पूर्ण ताकदीने चालतच होती. वैमानिकांनी पुन्हा उड्डाण केले. पडद्यावर दोन्ही इंजिनांचे नियंत्रण निकामी झाल्याचे संदेश होते. वेग आवरण्यासाठी त्यांनी उजवे इंजिन बंद केले. त्याबरोबर डावे इंजिन आपोआप मंदगतीला आले आणि थ्रॉटलला दाद देईनासे झाले. त्याच अवस्थेत विमान उतरवण्यात आले. टायर फुटले, पण कोणालाही इजा झाली नाही.

तपासात निघालेले कारण मती गुंग करणारे आहे. थ्रॉटल किती पुढे आहे हे मोजणाऱ्या सेन्सरला, तरफ जोराने रेटली गेल्यामुळे, आखून दिलेल्या कमाल मर्यादेपलीकडचा आकडा मिळाला. सॉफ्टवेअरने तो अशक्य म्हणून नाकारला आणि शेवटचा मान्य आकडा धरून ठेवला. तो आकडा होता पूर्ण ताकदीचा. दोन वाहिन्या असून उपयोग झाला नाही, कारण दोन्हींना एकाच हाताच्या रेट्याने एकाच वेळी मर्यादेबाहेर ढकलले होते. दोन्ही इंजिनांचे नियंत्रण एकदम गेल्यास काय करावे, याची कृती वैमानिकांच्या पुस्तिकेत नव्हती. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने तातडीचा आदेश काढून या जातीच्या विमानांच्या थ्रॉटलची तपासणी करायला लावली. कोणताही सेन्सर तुटलेला नव्हता, कोणतीही वायर सुटलेली नव्हती. दोष शोधणाऱ्यासाठी ही फार अवघड जात आहे.

दाब मोजणाऱ्या सेन्सरची कथा आणखी जुनी व शोकांत आहे. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत असताना एअर फ्लोरिडाच्या बोइंग ७३७ विमानाने इंजिनाची बर्फरोधक यंत्रणा सुरू न करताच उड्डाण केले. इंजिनाच्या तोंडाशी असलेली दाबनळी बर्फाने तुंबली होती. त्यामुळे ताकद दाखवणारा काटा २.०४ सांगत होता, प्रत्यक्षात ती सुमारे १.७० होती. शेजारचे वेग, तापमान आणि इंधनाचे काटे मात्र कमीच होते. ते खरे बोलत होते. विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून नदीत कोसळले आणि पुलावरच्या ४ जणांसह ७८ जण मृत्युमुखी पडले. एका काट्याची साक्ष इतरांशी ताडून पाहावी, हा आज इंजिन तपासणीचा पहिला पाठ आहे.

निदानाची रीत

दोष शोधण्याची सुरुवात हत्यारांच्या पेटीने होत नाही, ती तांत्रिक नोंदवहीने होते. दिवा कधी लागला? जमिनीवर की उंचीवर? बाहेरचे तापमान किती होते, ढगातून जाताना लागला का, थ्रॉटल हलवताना लागला का, आपोआप विझला का? 'इंजिनाचा दिवा लागला' एवढीच नोंद करणारा वैमानिक अभियंत्याचे अर्धे काम वाढवून ठेवतो. थंड उंचीवर दिसणारा आणि जमिनीवर गायब होणारा दोष बहुधा पाण्याशी किंवा आकुंचनाशी निगडित असतो. कनेक्टरमध्ये साचलेला ओलावा वर गोठतो, किंवा तडकलेल्या सांध्यातील फट थंडीने उघडते. हँगरमध्ये तपासले तर सारे व्यवस्थित दिसते.

त्यानंतर येते पडताळणी. समजा एका इंजिनाचे तापमान नेहमीपेक्षा ४० अंशांनी जास्त दिसते आहे. त्याच वेळी इंधनाचा प्रवाह वाढला असेल, गाभ्याचा वेगही बदलला असेल, तर आजार इंजिनाला असण्याचा संभव अधिक. कॉम्प्रेसर मळला असेल, हवा गळत असेल, टर्बाइनची पाती झिजली असतील. उलट बाकीचे सारे आकडे जागच्या जागी असतील, दुसऱ्या इंजिनाशी जुळत असतील आणि एकच काटा फटकून वागत असेल, तर संशय त्या काट्यावर. आकडा कसा बदलला हेही बोलके असते. इंजिन हळूहळू आजारी पडते, त्याचे तापमान शेकडो तासांत चढते. सेन्सर वा वायर तुटली की आकडा क्षणात उडी मारतो किंवा शून्यावर जातो. धातू निमिषात शंभर अंशांनी तापून निमिषात थंड होत नाही. म्हणून जागरूक कंपन्या प्रत्येक उड्डाणातील आकडे साठवतात आणि त्यांचा आलेख ठेवतात. हा आलेख नसेल तर निदान अंदाजावर येते.

तिसरी पायरी संगणकाची. लॅपटॉप जोडून फेडेकने साठवलेले दोषसंकेत उतरवले जातात. शहरातील मोटारचालकांना हा प्रकार ठाऊक आहे. गाडीच्या 'चेक इंजिन' दिव्यासाठी गॅरेजवाला स्कॅनर लावतो, यंत्र एका सेन्सरचे नाव सांगते, सेन्सर बदलला जातो आणि आठवड्याने दिवा पुन्हा लागतो. विमानातही ही चूक होते आणि तेथे ती फार महागात पडते. दोषसंकेत भागाचे नाव सांगत नाही, तो विद्युतमार्गाचे नाव सांगतो. त्या मार्गात सेन्सर असतो, त्याची वायर असते, अग्निरोधक भिंतीतून जाणारा कनेक्टर असतो आणि शेवटी संगणकाचा स्वतःचा भागही असतो. बदलून काढलेला सेन्सर कार्यशाळेत 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत येणे ही या व्यवसायाची जुनी डोकेदुखी आहे.

म्हणून मग मल्टिमीटर. वेगाच्या सेन्सरचे वेटोळे, हवेच्या तापमानाचा प्लॅटिनमचा रोधक यांचा रोध मोजून तो पुस्तिकेतील तक्त्याशी ताडला जातो. १०० ओहमच्या प्लॅटिनम सेन्सरचा रोध शून्य अंशाला १०० आणि २५ अंशांना सुमारे ११० ओहम भरतो. खोलीतील तापमापी पाहून त्याची शहानिशा होते. वायरीचे आवरण तपासण्यासाठी इन्सुलेशन टेस्टर लावतात, पण त्याआधी संगणकाचा कनेक्टर काढणे अनिवार्य असते, अन्यथा टेस्टरचा विद्युतदाब फेडेकच जाळून टाकेल. वायर हलवत हलवत मीटरकडे पाहणे हा अजूनही सर्वांत गुणकारी उपाय आहे. कंपनाने पट्टीशी घासून आवरण उडालेली वायर ही सेन्सरच्या दोषांमागची नेहमीची गुन्हेगार असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते.

थर्मोकपलची गोष्ट वेगळी. टर्बाइनभोवती असे अनेक सांधे समांतर जोडलेले असतात आणि वैमानिकाला त्यांची सरासरी दिसते. त्यातील एखादा तुटला तर दिवा लागत नाही, काट्यात थोडासाच फरक पडतो. वायर मध्येच कोठे चिकटली तर ती जागाच नवा सांधा बनते आणि इंजिनाऐवजी त्या जागेचे, म्हणजे बरेच कमी, तापमान दिसते. इंजिन प्रत्यक्षात अधिक तापत असते आणि काटा समाधानाचा निर्वाळा देत असतो. दोषांत सर्वांत घातक दोष हाच. शिवाय दोन धातूंच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर गणितच उलटते; म्हणून दोन्ही टोकांचे स्क्रू मुद्दाम वेगवेगळ्या जाडीचे ठेवलेले असतात. जोडतारही त्याच धातूंची लागते. साधी तांब्याची तार मध्ये घालून वेळ मारून नेणाऱ्याने चुकीचा काटा स्वतःच्या हाताने बनवलेला असतो.

तेलातील धातूचे कण टिपणाऱ्या चुंबकी बुचाची, म्हणजे चिप डिटेक्टरची, परीक्षा तर हातात घेऊनच करावी लागते. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये कण साचले की विद्युतमार्ग जुळतो आणि दिवा लागतो. बुच काढल्यावर त्यावर राखाडी रंगाची मऊ बुरशी दिसली तर ती बहुधा नेहमीची झीज; पुसून, नोंद करून, इंजिन चालवून पुन्हा पाहिले जाते. पण चकाकणारा, नखाला लागणारा कपचा निघाला तर दिवा खरे बोलला होता, आणि बेअरिंग वा गिअर प्राण सोडत आहे. कण प्रयोगशाळेत पाठवून त्यांचा धातू ओळखला जातो, त्यावरून नेमका कोणता भाग झिजतो आहे हे कळते.

दुरुस्ती म्हणजे बहुधा बदली

सेन्सर विमानावर उघडून दुरुस्त केला जात नाही. तो काढून नवा किंवा मान्यताप्राप्त कार्यशाळेतून प्रमाणित होऊन आलेला बसवला जातो. सुट्या भागासोबत प्रमाणपत्र असावे लागते. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, पद्धतीत ते सीए फॉर्म-१ असते, परदेशी भागांसोबत अमेरिकी वा युरोपीय प्रमाणपत्र येते. कागद नसलेला सेन्सर कितीही नवा दिसला तरी विमानासाठी तो भंगारच. बसवताना जुनी सील टाकून नवी घालणे, टॉर्क पान्याने नेमका ताण देणे, लॉकवायर बांधणे, कनेक्टरच्या पिना वाकलेल्या नाहीत हे पाहणे, ही कामे किरकोळ वाटतात. त्यांची किंमत ५ मे १९८३ रोजी मायामीहून नासाऊला निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानाने जवळजवळ मोजली होती.

त्या विमानाच्या तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर नेहमीच्या तपासणीत बदलले होते आणि तिन्हींवर रबरी ओ-रिंग बसवायची राहिली होती. आकाशात तेल गळू लागले. एका इंजिनाचा तेलदाब घसरला, वैमानिकांनी ते बंद केले आणि मायामीकडे परतण्यास सुरुवात केली. मग उरलेल्या दोन्ही इंजिनांच्या तेलाचे काटे शून्यावर आले. तिन्ही इंजिनांचे तेल एकाच वेळी कसे संपेल? काटेच बिघडले असणार, असा तर्क वैमानिकांनी केला. तो तर्क सयुक्तिक होता आणि साफ चुकीचा होता. दोन्ही इंजिने एकामागून एक बंद पडली. आधी बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू झाले म्हणून १७२ जण वाचले. एकाच माणसाने एकाच वेळी सर्व इंजिनांवर एकच काम करू नये, हा दंडक का पाळायचा याचे उत्तर या प्रकरणात आहे. दोन इंजिनांच्या खासगी जेटवर, घाईच्या वेळी आणि एकटाच अभियंता असताना, हा दंडक मोडण्याचा मोह सर्वाधिक असतो.

डावा सेन्सर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून पाहण्याची युक्तीही याच कसोटीवर तपासावी लागते. दोष सेन्सरसोबत सरकला तर सेन्सर वाईट, जागेवरच राहिला तर वायर किंवा संगणक, असे निदान झटपट होते. पण त्यासाठी दोन्ही इंजिनांना हात लागतो. उत्पादकाच्या पुस्तिकेने परवानगी दिली असेल तरच आणि स्वतंत्र तपासणी ठेवूनच ती करावी लागते.

काम संपल्यावर इंजिन जमिनीवर चालवून पाहतात. मंदगतीपासून ठरलेल्या ताकदीपर्यंत नेऊन आकडे टिपले जातात, फेडेकमधील जुने दोषसंकेत पुसून नवे उमटत नाहीत याची खात्री केली जाते, गळती पाहिली जाते आणि मगच परवानाधारक अभियंता विमान सेवेत सोडल्याची सही करतो.

पावसाळा, कुंभारीण आणि रस्त्याने येणारी पेटी

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा पाऊस आणि जत-आटपाडीची धूळ ही एकाच पट्ट्याची दोन टोके. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या विमानाला दोन्ही त्रासदायक. ओलाव्याने कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो, मिलिव्होल्टच्या कुजबुजीला तो पुरेसा असतो. बारीक नळ्यांमध्ये पाणी साचते. कुंभारीण माशी तर कोणत्याही भोकात मातीचे घर बांधायला टपलेली असते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकात बर्गनएअरचे विमान समुद्रात कोसळून १८९ जणांचा बळी गेला. वेग मोजणारी तुंबलेली नळी हे त्यामागचे कारण होते आणि ती अशाच माशीच्या घराने तुंबली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. ती नळी इंजिनाची नव्हती, पण इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या दाबनळीलाही माशीचा हाच धोका असतो. विमान तासभर जरी उभे राहणार असले तरी लाल पट्ट्यांची आवरणे का घालतात, हे पाहुण्यांना न्यायला आलेल्या मोटारींच्या ताफ्याला बहुधा ठाऊक नसते.

कराडसारख्या ठिकाणी जेटच्या इंजिनासाठी सुटे भाग वा कार्यशाळा नाही. बिघाड झाला तर अभियंता आणि हत्यारांची पेटी पुण्याहून किंवा मुंबईहून महामार्गाने येते. पुण्याहून कराड सुमारे १६० किलोमीटर आहे. मोठे काम निघाले तर विमानालाच मुंबई, नागपूरचे मिहान किंवा तामिळनाडूतील होसूर अशा ठिकाणी नेणे भाग पडते; दोष असूनही केवळ तेवढ्या प्रवासापुरते, प्रवासी न घेता उडायचे असेल तर डीजीसीएची विशेष परवानगी लागते.

प्रत्येक पिवळ्या दिव्याने विमान जागीच बसते असे नाही. कोणता दोष असताना किती दिवस उडता येईल याची मान्यताप्राप्त यादी प्रत्येक विमानासाठी असते. तिच्यात दोषांचे वर्ग आहेत. 'ब' वर्गातील दोष ३ दिवसांत, 'क' वर्गातील १० दिवसांत आणि 'ड' वर्गातील १२० दिवसांत दूर करावा लागतो. फेडेकची एक वाहिनी अधू असेल तर किती तास उडता येईल, हेही इंजिन उत्पादक ठरवून देतो. काही दोषांना मुळीच मुभा नाही. या यादीचा हेतू सोयीचा आहे, पण घाईच्या वेळी ती पळवाट बनण्याचा धोका असतो. सभा संपलेली असते, मुंबईत पुढची बैठक ठरलेली असते, आणि 'सेन्सरच तर आहे' हे वाक्य उच्चारले जाते. ते उच्चारणारा माणूस अभियंत्यापेक्षा हुद्द्याने फार मोठा असतो. नियमाप्रमाणे अंतिम शब्द सही करणाऱ्या अभियंत्याचा आणि विमानाच्या मुख्य वैमानिकाचा. तो शब्द त्यांना विनादबाव वापरता यावा एवढीच अपेक्षा विमान भाड्याने घेणाऱ्याकडून आहे.

८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ पडलेल्या बोइंग ७३७चे उदाहरण येथे आठवते. डाव्या इंजिनाच्या पंख्याचे पाते तुटले होते आणि कंपनाचा काटा ते अचूक सांगत होता. परंतु काटा लहान होता, आणि पूर्वीच्या विमानांतील कंपनमापकांवर वैमानिकांचा फारसा विश्वास नसे. त्यांनी धडधाकट असलेले उजवे इंजिन बंद केले. ४७ जण दगावले. खोटे बोलण्याची ख्याती झालेल्या साक्षीदाराने एकदा खरे सांगितले तरी कोणी ऐकत नाही. वारंवार लागणारा, वारंवार पुसला जाणारा दिवा असाच अविश्वास पेरून ठेवतो.

या कामासाठी लागणारा परवाना डीजीसीए देते. टर्बाइन इंजिन आणि विमानाचा सांगाडा पाहणाऱ्या अभियंत्याचा परवाना बी-वन वर्गाचा, तर विद्युत उपकरणे व इलेक्ट्रॉनिक्स पाहणाऱ्याचा बी-टू वर्गाचा. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असलेल्या विद्यार्थ्यांना मान्यताप्राप्त संस्थेत हे शिक्षण घेता येते. महाराष्ट्रात अशा संस्था मुंबई, पुणे, नागपूर या शहरांकडे एकवटल्या आहेत. परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि त्यानंतर प्रत्येक विमानजातीचे वेगळे प्रशिक्षण असा हा लांबचा पल्ला आहे. इंजिनाचा सेन्सर मात्र या दोन वर्गांच्या नेमका सीमेवर बसतो. सेन्सर इंजिनात असतो, त्याची वायर बी-टूच्या मुलखातून जाते आणि आकडा संगणकात उमटतो. लहान कंपन्यांत दोन्ही वर्गांचे अभियंते एकाच पाळीत हजर असतीलच असे नाही, आणि दोष अर्धवट सोडून पाळी बदलली तर कोणती वायर कोणी सोडवून ठेवली आहे, हे नोंदवहीत लिहिलेले असणे एवढाच आधार उरतो.